निळं कार्ड

लेकीनं त्या मुलीला ढकललं तेव्हा कॉफीचा कप माझ्या तोंडाला लावलेला होता. इनडोअर फुटबॉलचा सामना, बॉल कोपऱ्यात भिंतीला घासत चालला होता, दोघी त्याच्यामागे सुटल्या होत्या, आणि शेवटच्या दोन पावलांत आमच्या बाईनं खांदा घातला. नुसता लागला नाही, घातला. दहा नंबरची ती पोरगी तिच्यापेक्षा वीतभर उंच. ती आडवी भिंतीवर गेली. फळ्यांचा धाडकन आवाज झाला, वरची काच थरथरली, शिट्टी वाजली. रेफरीनं खिशातून निळं कार्ड काढलं आणि लेक कुणी काही सांगायच्या आत पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या कडेच्या जागेत, जाऊन बसली. दोन मिनिटं बाहेर. दहा नंबर उठली, गुडघ्याला चिकटलेले काळे दाणे झटकले आणि खेळायला लागली. तिला काही लागलं नव्हतं. तिची आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेली. मी तिला सॉरी म्हटलं, ती "चालायचंच" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटली आणि दोघी परत समोर बघायला लागलो. पण मला आत जे झालं होतं ते सॉरीच्या आसपासचंही नव्हतं. मला आनंद झाला होता. चांगला पोटातून वर आलेला, आणि तिथं बसलेल्या एकाही माणसाला दाखवता येणार नाही असा.

त्याचं काय करावं ते मला बरेच दिवस कळेना.

शिकागोच्या उपनगरांत नोव्हेंबर लागला की मैदानं बंद होतात. साडेचारला अंधार पडतो, जमीन दगड होते, आणि फुटबॉल खेळणारी सगळी पोरं मार्चपर्यंत छपराखाली जातात. आमचा हॉल महामार्गाच्या कडेला गोदामांच्या रांगेत आहे, बाहेरून तोही गोदामच वाटतो. आत शिरलं की आधी रबराचा वास येतो. खोट्या गवतात जुन्या टायरांचा भुगा पसरलेला असतो, तो दिवे तापले की जास्तच वास मारतो. हे काळे दाणे मोज्यांतून घरी येतात, वॉशिंग मशीनच्या रबरी कडेत बसतात, न्हाणीघराच्या जाळीत अडकतात, आणि एकदा तर मला कणकेत सापडला. त्या वासात नाचोजवर ओततात त्या पिवळ्या चीजचा वास, ओल्या जॅकेटांचा वास, आणि कुणीतरी शिन-गार्डची पिशवी उघडली की बाकी सगळे वास गप्प बसवणारा तो एक वास. मैदानाला चारी बाजूंनी फळ्यांची कंबरभर भिंत आणि तिच्यावर काच. आम्ही आईबाप काचेच्या अलीकडे. काचेवर आतून पोरांच्या श्वासाची वाफ धरते, बाहेरून आमच्या कॉफीची, आणि ऐन गोलच्या वेळी आपली पोरगी कुठली ते ओळखायला पोनीटेल शोधावी लागते.

खेळ तोच, पण तऱ्हा वेगळी. गोलकीपर धरून सहा-सहा जणी. ऑफसाइड नाही, थ्रो-इन नाही. बॉल भिंतीवर आपटला तर खेळ चालूच, वरच्या जाळीला लागला तरच थांबतो. बदली खेळाडू घ्यायला रेफरीची परवानगी लागत नाही, फळीतलं दार उघडून एक बाहेर पडते आणि दुसरी आत घुसते. गर्दीच्या एसटीच्या दारात उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची गाठ पडते तशी दर मिनिटाला तिथं एक झटापट होते. हे सगळं आलंय आइस हॉकीतून. बर्फाच्या रिंकवर हिरवं कार्पेट अंथरायचं आणि फुटबॉल खेळायचा, असं ते सुरू झालं. १९७८ मध्ये इथं त्याची व्यावसायिक लीगसुद्धा निघाली. फळ्या, काच, पेनल्टी बॉक्स, दोन मिनिटांची शिक्षा, सगळं रिंकवरचं जसंच्या तसं उचललं. आमच्या टीममधल्या एका मुलीचे पोलिश आजोबा दर सामन्याला येतात, टोपी न काढता बसतात. ते ऐंशीच्या दशकात शिकागो स्टेडियममध्ये 'शिकागो स्टिंग'चे इनडोअर सामने बघायला जायचे. कार्ल-हाइन्झ ग्रानित्झा नावाच्या जर्मन खेळाडूचा डावा पाय कसा चालायचा हे त्यांनी मला माझ्या कपातल्या लाकडी काडीनं टेबलावर काढून दाखवलंय. पुण्यात माझ्या भाच्याची पोरं टर्फ बुक करून तासाच्या हिशेबानं खेळतात, ते याच्यापेक्षा फुटसालच्या जवळचं. फुटसालची गोष्ट वेगळी, ते १९३० मध्ये माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकानं काढलं. कठीण जमीन, कमी उसळणारा बॉल, आणि भिंत नाहीच. तिथं बॉल रेषेबाहेर गेला की गेला.

आमच्याकडे तो जातच नाही. हे सगळ्यात आधी ओळखलं अण्णांनी.

अण्णा म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात असतात, एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. शनिवारी रात्री आठचा सामना असला की तिकडे रविवार सकाळचे साडेसात झालेले असतात. अण्णा अंघोळ करून, पहिला चहा घेऊन, फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बॉल भाईर जातच न्हाई व्हय गं? मग ह्या पोरींनी दम कवा खायाचा?" त्यांनी आयुष्यभर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल बघितला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. अण्णांची तालीम कुठली ते लिहीत नाही, निम्मं कोल्हापूर हा लेख इथंच सोडून देईल. कुस्तीच्या आखाड्यांची नावं फुटबॉलच्या संघांना कशी लागली याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, कोल्हापुरात ते विचारत नाहीत. पेठ आहे, पेठेची तालीम आहे, तालमीची टीम आहे, आणि जन्मल्याबरोबर तुम्ही त्यातल्या एकीचे असता. वर्ल्ड कप आला की त्याच गल्ल्यांत अर्जेंटिनावाले आणि ब्राझीलवाले होतात, मेस्सीचे चौकाचौकात कटआउट लागतात, पण ते तात्पुरतं. पेठ कायमची. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा अण्णांनी मला अमेरिकेत फोन करून सांगितलं, आणि त्या फोनचा निम्मा वेळ तो लहानपणी कुठल्या मैदानावर खेळायचा यातच गेला.

उलट लेकीच्या टीमचं नाव एका रंगावर आहे. दर सीझनला निम्म्या मुली बदलतात, समोरच्या टीमचं नाव तिला सामना संपेपर्यंत माहीत नसतं, आणि संपल्यावर ती ते विसरते. हरली तर गाडीत पाच मिनिटं गप्प, मग भूक. अण्णांना हे पटतच नाही. "कुणाबरोबर हाय म्याच?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे कधीच धड उत्तर नसतं. २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि भुवनेश्वरला अमेरिकेनं भारताला आठ-शून्य हरवलं. इथं तेव्हा सकाळ, ती शाळेत होती, संध्याकाळी तिनं सगळे गोल ओळीनं बघितले. अण्णांनी फोनवर विचारलं, तू कुणाकडनं होतीस? मला वाटलं आता पंचाईत. पोरगी म्हणाली, "मी गोलकीपरकडनं होते, आजोबा." अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हां, बराबर हाय."

शाहू स्टेडियमवर मी लहानपणी अण्णांबरोबर जायचे. बायका तिथं अगदीच नव्हत्या असं नाही, पण मोजक्या होत्या, आणि माझ्यासारख्या फ्रॉकातल्या पोरी बापाच्या मांडीवर. खेळ मला फारसा आठवत नाही. भडंगाचा पुडा आठवतो, उन्हानं तापलेली पायरी, मागच्या माणसाचे गुडघे पाठीत, आणि "आरं मार की लेका!" म्हणून एकदम सगळे उठायचे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलेले नुसते पट्टे आणि विजारी. सामना संपला की गेटवर रेटारेटी. आनंदात असला तरी जमाव तो जमावच, आणि कोल्हापूरचा जमाव आनंदात नसला की काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे, हुल्लडबाजीपायी स्पर्धाच थांबल्याच्या बातम्या मी इथं बसून वाचल्यात. तर त्या गेटवर अण्णा मला पुढ्यात घ्यायचे आणि दोन्ही हातांचं कडं करायचे. धक्के त्यांना बसायचे. कोपरं, खांदे, कुणाच्या सायकलचं हँडल, सगळं त्यांच्या पाठीवर आणि दंडांवर. मी आत, त्यांच्या शर्टाच्या ग्रीसच्या वासात, कोरडी. बाराएक वर्षांची झाले आणि ते थांबलं. कुणी नको म्हटलं नाही. एका रविवारी अण्णा नि दादा चपला घालून निघाले, मी आतून ऐकलं, आणि आईनं मला कोथिंबीर निवडायला दिली.

मग कडं माझं मला करावं लागलं. कॉलेजला एसटीनं जाताना पिशवी छातीशी, कोपरं पिशवीच्या बाजूंना, श्वास वरच्या वर, आणि अंग जितकं कमी जागेत मावेल तितकं. माझ्या पिढीतल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. ते कुणी शिकवलं नव्हतं, तरी आम्ही सगळ्या एकाच पद्धतीनं उभ्या असायचो. इतक्या वर्षांनंतर, जिथं कुणी कुणाला चुकूनही लागत नाही आणि लागायच्या आधीच माफी मागतात अशा या देशात, दुकानाच्या रांगेत माझी पर्स अजून छातीशी असते. नवरा हसतो. तो अमेरिकेत आल्यावर बदलला, मी म्हणे नाही. तो कुठल्या एसटीत कुठं उभा राहायचा ते मला माहीत आहे, त्यामुळे मी त्याच्या हसण्याला उत्तर देत नाही.

आणि ही बाई! चालतानासुद्धा हात हलवत चालते. घराच्या दारातून आत येते ती दार, बॅग, बूट आणि मी यांतलं काहीच न बघता. सोफ्यावर बसते म्हणजे सोफा व्यापते. मला त्याचा त्रास होतो हे मी नाकारत नाही, "नीट बस" हे माझ्या तोंडून आईच्याच आवाजात निघतं, आणि ती मान वर न करता "मी नीटच बसलेय" म्हणते, तेही खरं असतं. मैदानावर मात्र हाच पसारा कामाला येतो. बॉल पायाशी घेऊन ती पाठ करून उभी राहते, मागून दोघी लोंबकळत असतात, आणि ती कंबर खाली घेऊन, कोपरं जरा बाहेर काढून जागा धरून ठेवते. कोच याला बॉल राखणं म्हणतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कोपरं दिसली. बाहेरच्या बाजूला.

म्हणजे आनंद त्याचा होता का? थोडा त्याचा. पण त्यात काहीतरी आंबटही होतं, ते मला अजून नीट वेगळं काढता आलेलं नाही. कारण भिंतीवर आदळली ती दहा नंबरची पोरगी काही एसटीतला तो मागचा माणूस नव्हती. ती पंधरा वर्षांची, दातांना तारा असलेली, आणि तिची आई माझ्या शेजारी बसून तिचा जॅकेट मांडीवर घडी करत होती. मी कुणावरचा राग कुणाच्या पोरीवर काढून घेत होते? शिवाय भीती आहेच. आमच्या टीममधली एक मुलगी मागच्या हिवाळ्यापासून गुडघ्याला पट्ट्यांचा साचा बांधून कडेला बसते. कुणी ढकललं नव्हतं, एकटीच वळली आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, गेलं. या वयाच्या मुलींमध्ये ते मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं, ऑपरेशननंतर परत खेळायला नऊ महिने ते वर्ष जातं. म्हणून सामन्याआधी कोच त्यांच्याकडून उड्या मारून गुडघा आत न वळवता उतरायचा व्यायाम करून घेतो, आणि मी काचेतून गुडघे मोजत असते. डोक्याचंही तसंच. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंगच, म्हणजे डोक्यानं बॉल मारणंच, करू देत नाहीत, मेंदूला धक्का बसतो म्हणून, २०१५ च्या अखेरीस तो निर्णय झाला. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग डोस्कं कशापायी दिलंय?" पण त्यानंतर कोपऱ्यातून बॉल वर आला की तेही फोनमधून "वाक, वाक" करतात.

सामन्यानंतर गाडीत हीटर लावून बसलो होतो. काचेवरचा बर्फ सुटायची वाट बघत. तिनं बूट काढले, मोजे उलटे केले, दाणे पायपुसण्यावर सांडले. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, त्या मुलीला का ढकललंस?

"ती सगळा वेळ माझी जर्सी ओढत होती."

मला ते पुरेसं होतं. अन्याय झाला, प्रतिकार केला, मी हे अण्णांना अभिमानानं सांगू शकले असते. पण तिनं पाण्याची बाटली संपवली, टोपण लावलं आणि वर म्हणाली, "तसं नाही पण. ओढत नसती तरी ढकललंच असतं. मला बॉल पाहिजे होता."

मी वायपर सुरू केले. रस्त्यानं ती केळं खात खात सांगत होती की पेनल्टी बॉक्समधून सामना जास्त छान दिसतो, सगळ्या मुली दिसतात, कोण कुठं मोकळी आहे ते कळतं, आणि दोन मिनिटं कुणी ओरडत नाही. दहा नंबर नंतर दारापाशी भेटली म्हणे, दोघींनी एकमेकींच्या हातावर हात मारला, तिचे बूट कुठल्या दुकानातले आहेत ते हिनं विचारून घेतलं. राग कुठंच नव्हता. मी उगीच माझ्याकडचा सगळा साठा तिच्या खांद्यावर चढवून ठेवला होता आणि तिनं तो खांदा फक्त बॉलसाठी वापरला होता. मला हलकं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं एकटंही वाटलं. तिला काहीतरी पाहिजे होतं आणि ते घ्यायला ती गेली, एवढ्यावर ते संपतं, हे मला बघता येतं, ओळखता येतं. अंगात कसं असतं ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. त्यांनी रेकॉर्डिंग तालमीतल्या दोन मित्रांना दाखवलं होतं, तिघांनी मिळून तो धक्का थांबवून थांबवून बघितला होता आणि एकमतानं रेफरीला चुकीचं ठरवलं होतं. खांद्याला खांदा हाय, फाउल न्हवंच. मी म्हटलं, अण्णा, भिंतीपाशी ढकललं की इथं कार्ड देतात, नियमच आहे. "मग भिंत काढा म्हनावं," अण्णा म्हणाले, आणि नातीला फोनवर बोलावलं. ती कानात पेन्सिल अडकवून, गणिताची वही हातात घेऊन आली. अण्णांनी तिला तपशीलवार सांगायला सुरुवात केली: दहा नंबर डाव्या पायाची हाय, तिला आतल्या बाजूला वळू द्यायचं नाही, भिंतीकडं ढकलत न्यायचं पण हात लावायचा नाही, आणि पुढच्या सामन्यात तिला एक क्षण मोकळं सोडायचं नाही. ती "हो आजोबा, हो" करत वहीच्या कोपऱ्यात खरंच काहीतरी लिहून घेत होती. मग थांबली.

"पण आजोबा, पुढची मॅच दुसऱ्याच टीमशी आहे."

"असंल की," अण्णा म्हणाले. "तिच्यात बी दहा नंबर असंलच."